कापलेले अकरा सेकंद

१

गुरुवारी सकाळी फ्यूज बदलण्याचा धडा सुरू झाला आणि दीड मिनिटातच त्यात भूत शिरलं.

"आता जुना फ्यूज हलक्या हाताने बाहेर काढा," वायरिंगच्या बाईंचा आवाज नेहमीसारखा सांगत होता. मग तोच आवाज मध्येच म्हणाला, "मी चुकले नाही. अकरा सेकंद कुठे आहेत?" आणि लगेच पुढे, काही झालंच नाही अशा थाटात, "आता नवा फ्यूज घ्या."

घरबसल्या शिकणाऱ्या शेकडो लोकांनी ते ऐकलं. संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावरचे फोन वाजायला लागले ते थांबेचनात. भूत म्हणायला कारणही तसंच होतं. वायरिंगच्या बाईंना संस्थेने दोन वर्षांपूर्वी हाकललं होतं. त्यानंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गेले दहा महिने त्यांच्या तोंडून एक शब्द फुटलेला नव्हता. हे इमारतीतल्या झाडूवाल्या बाईपासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

बाई गेल्या, पण आवाज राहिला होता. संस्थेत धडे सलग बनवत नसत, दोन-तीन मिनिटांचे तुकडे बनवत. ते सगळे एका डिजिटल कोठारात ठेवायचे आणि ज्या कोर्सला, मग तो दुसऱ्या संस्थेचा का असेना, जो हवा तो तिथून जोडून घ्यायचा. एक तुकडा दहा ठिकाणी चालायचा, आणि कोठारात बदलला की दहाही ठिकाणी आपोआप बदलायचा. प्रत्येक तुकडा तो बनवणाऱ्याच्या खात्याला टांगलेला असायचा, सदरा खुंटीला टांगावा तसा. वायरिंगच्या बाईंचे तुकडे बासष्ट कोर्समध्ये होते.

"हा चावटपणा कुणाचा ते मला सोमवारच्या आत कळलं पाहिजे," संचालक टेबलावर हात आपटून म्हणाले. "सोमवारी अकराला चार हजार जणांची परीक्षा आहे."

त्यांच्यासमोर विभागप्रमुख बसले होते. कुठलाही तुकडा तीन मिनिटांच्या वर जाता कामा नये, हा नियम त्यांचा, म्हणून अख्खा मजला त्यांना तीनमिनिटे म्हणायचा.

"मी कोठाराची यादी मागवली," तीनमिनिटे म्हणाले. "कामावरच्या सगळ्यांची खाती तपासली. कुणीच त्या तुकड्याला हात लावलेला नाही. साहेब, हे काम गाळणीबाईंना द्या. विश्वासातलं माणूस आहे."

गाळणीबाई म्हणजे संस्थेच्या तपासनीस. बाहेर जाणारा प्रत्येक तुकडा त्या कानात प्राण आणून ऐकायच्या, चूक सापडली की परत पाठवायच्या, नसली की सही करायच्या. वीस वर्षांत त्यांच्या नजरेतून चूक म्हणून सुटली नव्हती आणि या टोपणनावाचा त्यांना आतून अभिमानच होता.

"शोधते," त्या म्हणाल्या. पर्स उचलून त्या लगेच उठल्या. अकरा सेकंदांचा हिशेब जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता, आणि ते ठिकाण म्हणजे त्यांची स्वतःची वही होती.

२

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींना जाड फोम लावलेला. आत गेलं की आपलंच बोलणं आपल्याला परकं वाटतं. ध्वनिवाल्याने ते वाक्य गाळणीबाईंना वीस वेळा ऐकवलं.

"शिवलंय," विसाव्या वेळी त्या म्हणाल्या. "बाई असं वाक्य कधी बोललेल्याच नाहीत. शब्द वेगवेगळ्या धड्यांतून उचललेत. 'अकरा' हा अकरा हजार व्होल्टच्या तारांचा. 'सेकंद' शॉकच्या धड्यातला, तिथे त्या जरा घाईत आहेत. 'कुठे आहेत' अर्थिंगचा."

"कमाल आहे बाई तुमची! आणि 'मी चुकले'?"

गाळणीबाईंनी मनातल्या मनात धडे चाळले. बाईंचे सगळे तुकडे त्यांना पाठ होते. एकाही धड्यात 'मी चुकले' नव्हतं. धड्यात कोण कशाला म्हणेल?

ध्वनिवाल्याने डोकं खाजवलं. "ते फसलेल्या मुद्रणातलं. जरा अडखळल्या की बाई हात वर करायच्या आणि म्हणायच्या, 'मी चुकले, परत घेऊया.' एकेका तुकड्याला दहा-दहा वेळा. माझा जीव जायचा! इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही."

"फसलेलं मुद्रण कुठे असतं?"

"माझ्याकडे नसतं. शुक्रवारी सगळं पुसतो, मशीनमध्ये जागा कुठे आहे? पुसायच्या आधी बोलणाऱ्याला त्याची प्रत देतो, घरी ऐकून सुधारायला. बाकीचे ती पेन ड्राइव्ह टेबलावरच विसरतात. बाई न चुकता न्यायच्या."

गाळणीबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि ध्वनिवाला मागून म्हणाला, "ते अकरा सेकंद म्हणजे 'मेन बंद करा'चा तुकडा ना? ज्याच्यापायी त्या शिकाऊ वायरमनचा हात गेला?"

त्यांनी वळून पाहिलं नाही.

"त्यातला काप माझा नव्हता बरं का. मी कापताना श्वास पुरा ठेवतो. तिथे बाईंचा श्वास अर्ध्यात तोडलाय, कसायाने तोडावा तसा. चौकशीत मी सांगितलं असतं, पण मला कुणी विचारलंच नाही."

३

शुक्रवारी सकाळी दुसरा तुकडा बोलला. या वेळी स्विचबोर्डच्या धड्यात, स्क्रू घट्ट करता करता: "सोमवारी मेन बंद. सगळं बंद."

आता मात्र संचालकांची पाचावर धारण बसली. सोमवारी बाईंचे तुकडे बंद पडले काय किंवा आधी आपणच काढले काय, बासष्ट कोर्सना भगदाडं पडणार, आणि परीक्षेचे निम्मे प्रश्न त्याच तुकड्यांवर होते. नवे तुकडे बनवायला दोन महिने लागले असते.

गाळणीबाई चित्रकार मुलीकडे गेल्या. तुकड्यांतली सगळी चित्रं ती काढायची, आणि वायरिंगच्या बाईंवर तिचा फार जीव होता. संशय घ्यायचा तर तिचाच घ्यावा, असं मजल्यावर कुजबुजलं जात होतं.

"काकू, मी केलं असतं तर छातीठोकपणे सांगितलं असतं," ती म्हणाली. "ज्याने केलं त्याला माझा सलाम. हे बघा."

तिने खणातून सात कागद काढून टेबलावर ओळीने मांडले. 'मेन बंद करा'ची चित्रं. पहिल्यात बोर्ड, दुसऱ्यात खाली ओढलेला मेन स्विच. तिसऱ्यात त्याच स्विचला लावलेलं कुलूप, आणि खिशात किल्ली टाकणारा हात.

"तुकड्यात सहाच दिसतात. कुलपाचं गाळलं. का, म्हणून विचारलं तर तीनमिनिटे म्हणाले, बाईंनी ते वाक्य म्हटलंच नाही. मग मी चित्र काय स्वप्नात बघून काढलं?"

"तीनमिनिटेंना कापता येतं का गं?" गाळणीबाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"येतं म्हणजे काय! गेल्याच महिन्यात माझ्या शेजारी बसून माझ्या तुकड्यातले वीस सेकंद उडवले. 'तीन मिनिटांच्या वरचा तुकडा कुणी उचलत नाही,' म्हणे. अशी कात्री चालवत होते, की बोलायची सोय नाही."

गाळणीबाईंनी ते तिसरं चित्र हातात घेतलं. त्यांना त्या कुलपाचं वाक्यही ठाऊक होतं, कारण त्यांनी ते ऐकलं होतं.

४

तीनमिनिटेंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"कापायला येतं का मला? छे हो! ते ध्वनिवाल्याचं काम. मला साधा फोन धड वापरता येत नाही." ते हसले. "काय मॅडम, चोर सोडून साधूच्या मागे लागलात?"

"तो तुकडा मी तपासला तेव्हा—"

"तेव्हाचं तुम्हाला आठवत नाही," तीनमिनिटे हळूच म्हणाले. हसू तसंच होतं. "चौकशीत तुम्हीच सांगितलंत. लेखी आहे. आणि तुकड्याखाली सही तुमची आहे. बाई निर्दोष ठरल्या, तर कुलपाशिवायचा तुकडा पास कुणी केला, हा प्रश्न येतो. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय ना तुमचं? सांभाळून घ्या जरा."

'सांभाळून घ्या' हेच शब्द, हीच खुर्ची, दोन वर्षांपूर्वीची. गाळणीबाई उठून सरळ स्वच्छतागृहात गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या.

काय झालं होतं ते सांगायलाच हवं. 'मेन बंद करा' त्यांच्याकडे तपासायला आला तेव्हा तीन मिनिटं नऊ सेकंदांचा होता. वहीत पेन्सिलने तसं लिहिलेलं आहे. त्यात वाक्य होतं: "मेन बंद केला की त्याला कुलूप लावा. किल्ली दुसऱ्या कुणाला देऊ नका, आपल्याच खिशात ठेवा. आपला हात तारेवर असताना कुणी मेन चालू केला तर?" त्यांनी सही केली. सहीनंतर तुकड्याला हात लावायचा नाही असा नियम, तरीही कुणीतरी अकरा सेकंद उडवले आणि दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंदांचा तुकडा बासष्ट कोर्सना लागला. तो बघून शिकलेल्या एका वायरमनने मेन बंद केला, कुलूप लावलं नाही. खालून कुणीतरी मेन वर केला. दोन लेकरांच्या बापाचा उजवा हात गेला.

चौकशीत वायरिंगच्या बाईंनी आपल्याकडचं फसलेलं मुद्रण ऐकवलं. त्यात ते वाक्य होतं, पण शेवटी अडखळून "मी चुकले, परत घेऊया" होतं. तीनमिनिटे म्हणाले, परत घेताना वाक्य राहून गेलं असणार. शेवटच्या तुकड्यात ते होतं की नव्हतं, हे सांगू शकणारं एकच माणूस त्या खोलीत होतं. त्या माणसाने म्हटलं, "आठवत नाही."

नळ बंद करताना गाळणीबाईंच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "कामावरच्या सगळ्यांची खाती तपासली," असं तीनमिनिटे म्हणाले होते. कामावरच्या!

५

वायरिंगच्या बाईंच्या घराचं दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. ऐंशीच्या घरातल्या, कंबरेत वाकलेल्या, पण जीभ ताठ.

"आलात? दोन वर्षं रस्ता सापडत नव्हता वाटतं. माझ्या सुनेची वाचा गेली तेव्हा एक फोन नाही तुमचा. आज काय, तिचे कान न्यायला आलात?"

"आई, मला त्यांना भेटू द्या."

"मला आई म्हणू नका. चपला बाहेर काढा."

खिडकीपाशी टेबल, त्यावर लॅपटॉप. वायरिंगच्या बाई गळ्याभोवती रुमाल बांधून बसल्या होत्या. फार वाळल्या होत्या. त्यांनी फोनवर दोन बोटं चालवली आणि फोनमधून त्यांचाच जुना, खणखणीत आवाज आला.

"बसा."

गाळणीबाई खुर्चीवर टेकल्या. तो 'बसा' त्यांनी ओळखला: मोटर वाइंडिंगचा धडा, पहिलं वाक्य. बाईंनी आपल्या सगळ्या धड्यांमधून शब्द वेचून घरात बोलण्यापुरती पुंजी केली होती.

"'चुकले' फक्त तुमच्याकडे होतं," गाळणीबाई म्हणाल्या. "आणि कोठारात शिरायला तुम्हाला कुणाची मदत लागली नाही. तुमचं खातं कुणी बंदच केलं नाही. केलं असतं तर त्याला टांगलेले तुकडे पडले असते आणि बासष्ट कोर्स कोसळले असते. म्हणून तुम्हाला काढलं आणि खातं ठेवलं. किल्ली तुमच्याच खिशात राहिली."

बाईंनी मान हलवली. फोन बोलला, "बरोबर."

"अकरा कसं कळलं?"

बाईंनी पेन्सिल उचलून कागदावर लिहिलं: फसलेल्या मुद्रणातलं वाक्य मोजलं. रोज ऐकते.

गाळणीबाईंना राहवलं नाही. त्यांनी पुढे होऊन बाईंचा हात धरायला हात लांब केला.

"हात लावू नका," फोन म्हणाला. उघड्या तारेच्या धड्यातला आवाज, कडक.

त्या मागे सरल्या. मग पर्समधून वही काढून, ते पान उघडून टेबलावर ठेवली. बाईंनी तारीख वाचली, तीन मिनिटं नऊ सेकंद वाचलं, खालची सही वाचली. मग त्यांनी लिहिलं: चौकशीच्या दिवशी ही वही कुठे होती?

"याच पर्समध्ये," गाळणीबाई म्हणाल्या. "मांडीवर."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा हुंदका ऐकू आला, मग एक शिवी. शिवी सणसणीत होती आणि गाळणीबाईंना ती योग्यच वाटली.

"माझं काय करायचं ते करा," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी मेन बंद करू नका. त्या चार हजारांनी तुमचं काय वाकडं केलंय?"

बाईंनी बराच वेळ लिहिलं आणि कागद फिरवून त्यांच्यापुढे सरकवला. गाळणीबाईंनी तो दोनदा वाचला आणि घडी करून वहीत ठेवला.

६

सोमवारी दहा वाजता संचालकांच्या खोलीत सगळे जमले. ध्वनिवाला दारापाशी उभा, चित्रकार मुलगी कागदांची गुंडाळी घेऊन. तीनमिनिटे पायावर पाय टाकून बसले होते.

"सापडला का चोर?" संचालकांनी विचारलं.

"दोन आहेत साहेब. मोठ्यापासून सुरू करते." गाळणीबाईंनी वही टेबलावर ठेवली. "मी तपासला तेव्हा तुकडा तीन-नऊचा होता. बाहेर पडला दोन-अठ्ठावन्नचा. मधले अकरा सेकंद माझ्या सहीनंतर कापले. ध्वनिवाल्याने नाही, तो श्वास तोडत नाही. बाईंनीही नाही. चित्रकाराला कुलपाचं चित्र काढायला सांगितलं होतं आणि तिने काढलं, ते हे. तीन मिनिटांच्या वर नऊ सेकंद कुणाला खुपत होते? तुकडा तीनच्या आत बसवायची घाई या मजल्यावर एकाच माणसाला असते."

"मला कापता येत नाही!" तीनमिनिटे म्हणाले.

"अय्या!" चित्रकार मुलगी म्हणाली. "मग गेल्या महिन्यात माझ्या शेजारी बसून वीस सेकंद कुणी उडवले, तुमच्या जुळ्या भावाने?"

ध्वनिवाल्याने तोंडावर हात धरला. तीनमिनिटेंचा चेहरा पांढरा पडला, पण अंगात रग होती. "आणि या? यांनीच लेखी दिलंय, आठवत नाही म्हणून!"

"दिलंय. खोटं दिलंय," गाळणीबाई म्हणाल्या. "दुसरी चोर मी."

ध्वनिवाल्याने दार लावून घेतलं. मग संचालकांना एकदम मूळ मुद्दा आठवला. "आणि धड्यांत घुसून बोलतंय ते कोण?"

"ज्यांचे धडे आहेत त्या. स्वतःच्या खात्यातून."

"बंद करा ते खातं! आत्ताच्या आत्ता!"

"करतो की," ध्वनिवाला शांतपणे म्हणाला. "पण मग त्यांचे तुकडेही जातील. पाऊण तासाने परीक्षा आहे साहेब."

संचालकांनी भिंतीकडे पाहिलं. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती.

७

अकरा वाजता परीक्षेचं पान उघडलं आणि बासष्ट कोर्समधला बाईंचा प्रत्येक तुकडा सुरू होण्याआधी एक नवा आवाज ऐकू आला. तो सुरेल नव्हता. शनिवारी फोमच्या खोलीत तो मुद्रित करताना ध्वनिवाल्याने एकदाही थांबवलं नव्हतं.

"मी या संस्थेची तपासनीस. 'मेन बंद करा' या तुकड्यात कुलूप लावायला सांगितलेलं होतं. मी ते माझ्या कानांनी ऐकलं. आमच्या विभागप्रमुखांनी ते कापलं. एका माणसाचा हात गेला, दोष वायरिंगच्या बाईंना दिला, आणि खरं ठाऊक असून मी गप्प बसले." मग बाईंचं फसलेलं मुद्रण, जसंच्या तसं: मेन बंद केला की त्याला कुलूप लावा. पूर्ण अकरा सेकंद, आणि शेवटी, "मी चुकले, परत घेऊया."

कागदावर बाईंनी हेच मागितलं होतं: तुमच्या तोंडून, माझ्या प्रत्येक तुकड्याआधी, माझं खातं आहे तोवर.

चौकशी नव्याने उघडली. वायरमन डाव्या हाताने सही करून तिच्यात साक्षीदार झाला. संचालकांनी बाईंना मानाने परत या म्हणून पत्र लिहिलं. उत्तरादाखल आवाजाची एक छोटी फाइल आली. तिच्यात कडक सुरात तीनच शब्द होते: "हात लावू नका."

तीनमिनिटेंना महिन्याभरात दूरच्या एका शिक्षणसंस्थेत जागा मिळाली. सुटलो, असं त्यांना वाटलं असणार. पहिल्या दिवशी नव्या साहेबांनी कौतुकाने त्यांना आपला वायरिंगचा कोर्स लावून दाखवला. तुकडे सगळे याच कोठारातून जोडून घेतलेले होते, आणि प्रत्येकाआधी गाळणीबाईंचा तो आवाज होता. ही बातमी चित्रकार मुलीने आणली आणि ऐकून ध्वनिवाला इतका हसला, की त्याला पाणी द्यावं लागलं.

गाळणीबाई मात्र हसल्या नाहीत. चौकशीत त्यांनी सगळं कबूल केलं. दुसरा तपासनीस मिळेपर्यंत संस्थेने त्यांना ठेवून घेतलं आणि दुसरा काही मिळेना. बाईंचे तुकडे नव्या नव्या कोर्सना लागतच राहिले, आणि कोर्स बाहेर पडण्याआधी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, हे काम त्यांचंच. दिवसाला आठ-आठ, दहा-दहा वेळा.

"तेवढं सुरुवातीचं सोडून पुढे जा हो," एकदा संचालकांनाच दया आली. "पाठ झालं असेल तुम्हाला."

"नाही साहेब. ऐकल्याशिवाय सही करत नाही."

त्यांनी कानाला हेडफोन लावला. "खरं ठाऊक असून मी गप्प बसले," त्यांचा आवाज त्यांच्याच कानात म्हणाला. गाळणीबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, वहीत वेळ लिहिली, त्यापुढे 'बरोबर' असं लिहिलं आणि खाली सही केली.